गाडी कोणाच्या नावावर? ट्रकचा भाडेपट्टा, हप्ता, जुनी गाडी की पगारी नोकरी : एक हिशेबी पाठ



गळीत हंगाम जवळ आला की शेतकी खात्याच्या ओट्यावर एकच विषय निघतो. कोणाचा पोरगा ड्रायव्हर आहे, त्याला आता स्वतःची गाडी पाहिजे. कोणाचा पुतण्या सुरत-नागपूर लाइनीवर दहा टायरी चालवतो, तो म्हणतो, "काका, दुसऱ्याची गाडी किती दिवस हाकायची?" इच्छा चांगली आहे. पण त्या पोराबरोबर एक कागद येतो, आणि त्या कागदावर सही मागितली जाते ती बापाची किंवा काकाची. सातबारा लागतो तोही त्यांचाच. म्हणून हा विषय एकट्या ड्रायव्हरचा नाही, तो ऊस लावणाऱ्या सभासदाचाही आहे.

अलीकडे एक नवीन तऱ्हा निघाली आहे. "बँकेत जाऊ नका, कागदपत्रं नकोत. थोडी अनामत भरा, गाडी घेऊन जा, महिन्याला पैसे भरा, चार वर्षांनी गाडी तुमची." याला कोणी लीज म्हणतात, कोणी भाडेपट्टा, कोणी 'चालवा आणि फेडा'. ऐकायला गोड लागते. ही तऱ्हा इतर वाटांशेजारी ठेवून पाहावी, म्हणून हा पाठ. पाठात घेतलेले रुपयांचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या गावचे अंतर, आपला दर, आपला डिझेलखर्च घालून प्रत्येकाने हिशेब नव्याने मांडावा. रीत मात्र हीच ठेवावी.

ड्रायव्हरपुढे वाटा किती?

मुख्य वाटा पाच.

१) दुसऱ्याच्या गाडीवर पगारी राहणे.
२) गाडी निव्वळ भाड्याने घेणे. ठरलेले भाडे द्यायचे, नको झाली की परत करायची.
३) 'चालवा आणि फेडा'. भाडे भरत राहायचे आणि शेवटी गाडी आपली होईल या वचनावर चालायचे.
४) बँक किंवा फायनान्सचे कर्ज काढून नवी गाडी घेणे.
५) जुनी गाडी घेणे, जास्त पैसे रोख व थोडे कर्जाचे.

याशिवाय घरी ट्रॅक्टर असेल तर त्याला ट्रॉल्या जोडून ऊस ओढणे ही आपल्याकडची जुनी वाट आहेच. तिचा विचार शेवटी करू.

पहिला हिशेब : एका हंगामात ट्रक किती कमावतो?

समजा गाव कारखान्यापासून ३० किलोमीटर. जाऊन-येऊन ६० किलोमीटर. हंगाम १२० दिवसांचा. कागदावर १२० खेपा दिसतात, पण तशा होत नाहीत. यार्डात नंबर लागतो, गव्हाण तुंबते, मिल बंद पडते, अवकाळी पाऊस झाला की शेतातून गाडी निघत नाही, होळीला सातपुड्यातली पावरा टोळी घरी जाते. म्हणून १०० खेपा धरू. खेपेला १६ टन, वाहतुकीचा दर टनाला ३०० रुपये.

१०० खेपा × १६ टन × ३०० रुपये = ४,८०,००० रुपये.

आता खर्च. खेपेला २० लिटर डिझेल, ९० रुपयांनी १,८०० रुपये. शंभर खेपांचे १,८०,०००. ड्रायव्हरचा चार महिन्यांचा पगार-भत्ता ८०,०००. पोरगा स्वतः चालवणार असला तरी हा पगार धरावा, कारण तो दुसरीकडे गेला असता तर त्याला तेवढे मिळालेच असते. टायर, ऑइल, पाटे, दुरुस्ती ६०,०००. एकूण ३,२०,०००.

उरले १,६०,०००. यातून वर्षाचा विमा, रोड टॅक्स, फिटनेस मिळून ७५,००० वजा करा. हातात राहिले ८५,००० रुपये.

सभासदांनी हा आकडा नीट लक्षात ठेवावा. हंगामात गाडी दिवसरात्र धावते, पंधरवड्याला बिल निघते, म्हणून वाटते की पैसाच पैसा आहे. बिल चार लाख ऐंशी हजारांचे होते खरे, पण हप्ता भरण्यासाठी उरतात पंच्याऐंशी हजार.

दुसरा हिशेब : नवी गाडी आणि 'आठ टक्के' व्याज

समजा नव्या गाडीसाठी २० लाखांचे कर्ज काढले. मुदत ४८ महिने. एजंट सांगतो, "व्याज फक्त आठ टक्के." विचारा, "फ्लॅट की घटत्या शिलकेवर?" फ्लॅट म्हणजे पहिल्या दिवशीच्या वीस लाखांवर चारही वर्षे व्याज. वर्षाला १,६०,०००, चार वर्षांचे ६,४०,०००. एकूण फेड २६,४०,०००; भागिले ४८ म्हणजे हप्ता ५५,०००.

पण मुद्दल तर दर महिन्याला आपण फेडत जातो. दोन वर्षांनी आपल्याकडे वीस लाख नसतातच, तरी व्याज वीस लाखांचेच. हाच हप्ता घटत्या शिलकेच्या रीतीने मोजला तर दर निघतो सव्वाचौदा टक्क्यांच्या वर. म्हणजे 'फ्लॅट आठ' आणि 'घटते चौदा' हे जवळजवळ एकच. एक फायनान्सवाला आठ सांगतो आणि बँक बारा सांगते, तेव्हा बँक महाग वाटते. प्रत्यक्षात ती स्वस्त असते.

याबाबत रिझर्व्ह बँकेने दोन चांगल्या गोष्टी केल्या आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना मुख्य तथ्यांचे एक पत्रक देणे बंधनकारक केले आहे. त्यात सगळे चार्जेस धरून वार्षिक टक्केवारी लिहावी लागते. ते पत्रक मागून घ्या, आणि दोन ठिकाणची पत्रके शेजारी ठेवून तोच एक आकडा ताडून पाहा. दुसरी गोष्ट, हप्ता चुकल्यावर दंडाचे व्याज लावून पुन्हा त्यावर व्याज चढवण्याची पद्धत २०२४ पासून बंद केली आहे. दंड घेता येतो, पण त्या दंडावर व्याज चढवता येत नाही.

आता दोन्ही हिशेब जोडा. वर्षाचे हप्ते ५५,००० × १२ = ६,६०,०००. ऊस वाहतुकीतून उरले ८५,०००. राहिलेले ५,७५,००० बाकीच्या आठ महिन्यांत उभे करायचे, म्हणजे डिझेल, पगार, टोल, दुरुस्ती जाऊन महिन्याला सुमारे ७२,०००. त्या आठ महिन्यांत पावसाळाही आला.

आपल्या भागाला कामाची वाण नाही. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हा महामार्ग, जुना सहा नंबर, आता ५३, दारावरून जातो. धुळ्याला त्याला मुंबई-आग्रा रस्ता छेदतो. रावेर, यावल, चोपड्याची केळी उत्तरेला जाते, कापसाच्या गाठी जातात, मका जातो. ज्या पोराची अशा कामाची ओळख आधीच आहे, ट्रान्सपोर्टवाला ज्याला नावाने ओळखतो, त्याने नव्या गाडीचा विचार जरूर करावा. पण "कारखान्याचं काम आहे ना, हप्ता निघून जाईल," असे जो म्हणतो त्याने वरचा आकडा पुन्हा वाचावा. केवळ ऊस वाहतुकीवर नव्या ट्रकचा हप्ता निघत नाही.

आणखी एक गोष्ट खानदेशच्या माणसाला शिकवावी लागत नाही. चाळीसगावचा बेलगंगा, साक्रीचा पांझराकान, दहिवदचा शिरपूर, कासोद्याचा वसंत, हे सगळे कारखाने कधी ना कधी हंगामच्या हंगाम बंद राहिले. गिरणा धरण भरले नाही की ऊस घटतो, ऊस घटला की हंगाम साठ-सत्तर दिवसांत आटोपतो. धुराडे पेटले नाही तरी हप्त्याची तारीख येतेच.

तिसरा हिशेब : जुनी गाडी

समजा चांगली तपासलेली जुनी गाडी ८ लाखांना मिळाली. ३ लाख घरचे, ५ लाख कर्ज, मुदत ३६ महिने. जुन्या गाडीला दर जास्त पडतो, म्हणून फ्लॅट १० टक्के धरू. व्याज १,५०,०००, एकूण ६,५०,०००, हप्ता सुमारे १८,०५६. वर्षाचे २,१६,६६७.

जुनी गाडी खर्च काढते. हंगामात आणखी ६०,००० दुरुस्तीला धरा. मग हंगामाची शिल्लक ८५,००० वरून २५,००० वर आली. आठ महिन्यांत मिळवायचे १,९१,६६७, महिन्याला सुमारे २४,०००. नव्या गाडीला ७२,००० लागत होते, इथे २४,०००. एखादा महिना गाडी उभी राहिली तरी माणूस बुडत नाही.

पण जुनी गाडी घेताना घाई करू नये. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांचा मिळतो, त्यानंतर दरवर्षी करावा लागतो. गाडीवर जुने कर्ज आहे का, टॅक्स आणि चलन थकले आहे का, हे परिवहन खात्याच्या संगणकावर गाडीच्या नंबरवरून पाहता येते. आपला मिस्त्री बरोबर न्यावा, विकणाऱ्याचा नको.

चौथा हिशेब : 'चालवा आणि फेडा'

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा बाजारात १२ लाख किमतीची गाडी आहे. मालक म्हणतो, "अनामत दोन लाख द्या. महिन्याला चाळीस हजार, अट्ठेचाळीस महिने. शेवटी गाडी तुमच्या नावावर करून देतो." दुरुस्ती, टायर, विमा, टॅक्स सगळे चालवणाऱ्याचे.

४०,००० × ४८ = १९,२०,०००. अनामतीसह २१,२०,०००. बारा लाखांच्या गाडीला सव्वाएकवीस लाखांच्या जवळ.

महागाईपुरतीच गोष्ट असती तर हा पाठ इथेच संपवता आला असता. खरा धोका तिसऱ्या वर्षी येतो. तीस महिने झाले. पोराने १२ लाख भाडे आणि २ लाख अनामत असे १४ लाख भरले, म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. मग पावसाळ्यात इंजिनाचे काम निघाले, दोन महिने पैसे गेले नाहीत. मालकाने गाडी उचलून नेली. कागदात लिहिलेले असते की दोन हप्ते चुकले तर करार संपला आणि अनामत जप्त. चौदा लाख भरले, पण गाडीचा एक नटबोल्टही त्या पोराच्या नावावर नाही. बँकेच्या कर्जात तीस हप्ते भरले असते तर निदान गाडी विकून कर्ज फेडता आले असते आणि उरलेले पैसे त्याचे राहिले असते. इथे विकायला काही नाहीच.

म्हणून अहिराणीत आपले म्हातारे पहिला प्रश्न विचारतात तोच बरोबर आहे : "गाडी कोना नाववर शे?"

कोणी म्हणेल, कायदा आहे ना? भाडे-खरेदीचा कायदा संसदेने १९७२ साली केला होता. पण तो प्रत्यक्ष अमलात कधी आला नाही आणि २००५ साली रद्दही झाला. त्यामुळे अशा व्यवहारात बहुतांशी कागदावर जे लिहिले तेच चालते. न वाचता केलेली सही इथे नडते. एक मात्र सांगितले पाहिजे. हप्ते थकले तरी माणसे लावून दमदाटीने गाडी ओढून नेता येत नाही, कायदेशीर मार्गानेच ताबा घेतला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. पण रात्री बारा वाजता ढाब्यावर तो निकाल कोण वाचून दाखवणार?

आणि गाडी देणाऱ्या सभासदाचे काय?

आपल्यात ट्रक असणारेही सभासद आहेत. वय झाले, मुलगा नोकरीला लागला, म्हणून गाडी ओळखीच्या ड्रायव्हरला 'चालव आणि फेड' म्हणून देतात. त्यांनीही ऐकावे. मोटार वाहन कायद्यानुसार भाडे-खरेदी, लीज किंवा कर्जाच्या करारातील गाडीचा मालक म्हणजे त्या कराराखाली गाडी ज्याच्या ताब्यात आहे तो. पण असा रीतसर करार व नोंद नसेल, नुसती तोंडी किंवा स्टॅम्पपेपरवर गाडी दिली असेल, तर आरसी ज्याच्या नावावर त्याच्याच दारात अपघाताचा दावा येतो. गाडी विकली पण नाव बदलले नाही, अशा प्रकरणात नोंदणीतला मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. विमा संपलेला असला तर भरपाई घरातून, म्हणजे जमिनीतून द्यावी लागते. म्हणजे तोंडी व्यवहारात घेणाऱ्याचे पैसे बुडण्याची भीती आणि देणाऱ्याची जमीन जाण्याची भीती, दोन्ही एकाच गाडीत बसून फिरतात.

दुसऱ्या देशात काय झाले?

हा घोळ आपल्याकडेच आहे असे समजू नका. अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही मोठी बंदरे आहेत. २००८ साली तिथे धूर ओकणारे जुने ट्रक बंद करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. नवे ट्रक ड्रायव्हरांना परवडेनात, म्हणून अनेक वाहतूक कंपन्यांनी ट्रक घेऊन ते ड्रायव्हरांना 'भाडे भरा, शेवटी तुमचा' अशा करारावर दिले. भाडे, डिझेल, विमा पगारपत्रकातून कापून घेत. २०१७ साली तिथल्या एका मोठ्या दैनिकाने ही प्रकरणे उघड केली : आठवडाभर राबून हातात जवळजवळ काहीच न आलेले, आणि आजारी पडून किंवा काम सोडून ट्रक आणि भरलेले पैसे दोन्ही गमावलेले ड्रायव्हर. २०२१ च्या एका कायद्याने सरकारने या करारांची तपासणी करायला समिती नेमली. जानेवारी २०२५ मध्ये समितीने सांगितले की हे करार सुधारण्यापलीकडचे आहेत, त्यांच्यावर बंदीच घालावी.

त्यातून शिकण्याचा मुद्दा एकच. काम देणारा आणि गाडी देणारा एकच असला, की ड्रायव्हरची मान दोन बाजूंनी अडकते. काम कमी दिले की हप्ता चुकतो, हप्ता चुकला की गाडी जाते, आणि तीच गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला देता येते. आपल्याकडे गाडी देणारा ठेकेदार आणि खेपा वाटणारा ठेकेदार एकच असेल तर सावध राहावे.

मग भाड्याची गाडी वाईटच का?

तसे नाही. भाडे आणि खरेदी यांची भेसळ वाईट आहे. निव्वळ भाड्याला त्याची जागा आहे. एखाद्या पोराने धंदा कधी केलेला नाही, त्याला एक हंगाम अनुभव घ्यायचा आहे; तर चार महिन्यांसाठी गाडी भाड्याने घ्यावी. अटी साध्या असाव्यात : भाडे किती, मोठी दुरुस्ती मालकाची की आपली, गाडी बंद असेल त्या दिवसांचे भाडे लागेल का, किती दिवस आधी सांगून परत करता येईल. शेवटी गाडी मिळेल हे वचन त्यात नको आणि त्या वचनापोटी जास्तीचा पैसाही नको. हंगामानंतर वही उघडून पाहावी. शिल्लक असेल तर जुनी गाडी घ्यावी. नसेल तर पगारी नोकरीत परत जावे; नुकसान झाले ते चार महिन्यांचे, चार वर्षांचे नव्हे.

आणि पगारी नोकरीला कमी लेखू नका. महिन्याला वीस हजार म्हणजे वर्षाला २,४०,०००, वर भत्ता. टायर फुटला तर मालकाचा. स्वतःची गाडी घेऊन हा पगार धरून वर काही उरत असेल, तरच ती मालकी. नाहीतर आपण आपल्याच गाडीवर कमी पगारात नोकरी करतो आणि वर हप्त्याची काळजी करतो.

उचल आणि हप्ता : ही दोन पाकिटे एक करू नका

तोडणी-वाहतुकीचा करार झाला की वाहतूकदाराला टोळीसाठी उचल मिळते. एकदम हातात मोठी रक्कम आली की काही जण तीच गाडीच्या डाऊन पेमेंटात घालतात. यापेक्षा वाईट चूक नाही. ती रक्कम मुकादमाची आणि टोळीची आहे. आपल्याच चाळीसगाव-धुळे भागातून आणि सातपुड्यातून किती मजूर दक्षिण गुजरातच्या कारखान्यांवर जातात हे आपण पाहतो. टोळीला वेळेवर पैसे दिले नाहीत तर ती तिकडे जाते. मुकादमाने उचल घेऊन तोंड फिरवले तरी देणे वाहतूकदाराच्याच अंगावर राहते. मग टोळी नाही म्हणून खेपा नाहीत, खेपा नाहीत म्हणून हप्ता नाही, आणि उचलीची वसुली वेगळीच.

जादा भार

हप्ता काढण्यासाठी पाच टन जास्त भरू, असा विचार येतो. २०१८ साली केंद्राने वजनमर्यादा वाढवली, दहा टायरी गाडीचे एकूण वजन २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टन झाले. त्याच्या वर गेलात तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. पाच टनाला ३०,०००. पाच टन जास्त नेल्याने खेपेला मिळाले दीड हजार. म्हणजे एका चलनात वीस खेपांची जादा कमाई गेली. टायर, पाटे आणि रस्ता वेगळाच.

घरचा ट्रॅक्टर

घरी ट्रॅक्टर असेल तर त्यावर नवे मोठे कर्ज न काढता हंगाम धरता येतो, हा मोठा फायदा. पण दोन गोष्टी पाहा. शेतीकामासाठी काढलेला विमा भाड्याच्या वाहतुकीला लागू पडेल असे धरून चालू नका. विमा कंपनीला आधी विचारून तसा विमा घ्या. आणि ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर व दिवा लावा. अंधारात उभ्या उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून पोरे दगावतात, हे दर हंगामात घडते. दोन-तीनशे रुपयांच्या पट्टीने एक जीव वाचतो.

जामीन राहण्याआधी

शेवटी बापासाठी आणि काकासाठी. १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच मानली आहे. वेगळे काही लिहून घेतले नसेल तर सावकार पहिल्यांदा पोराकडे गेलाच पाहिजे असे नाही, तो थेट तुमच्याकडे येऊ शकतो. "नुसती सही आहे," असे कोणी म्हणाले तर सही करू नका. जमिनीवर बोजा चढवण्याआधी घरात सगळ्यांना, बायकांनाही, बसवून हिशेब वाचून दाखवा. बोजा चढला तर पीककर्जाला अडचण येते आणि ऊस उभा राहत नाही.

सहीआधी विचारायचे प्रश्न

१) आरसी आज कोणाच्या नावावर आहे? माझे नाव त्यावर केव्हा येईल?
२) करार आरसीवर नोंदवणार का? ही नोंद फॉर्म ३४ वर होते. कर्ज फिटल्यावर फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र घेऊन ती काढावी लागते. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात.
३) मालकाने याच गाडीवर दुसरीकडे कर्ज काढले आहे का?
४) मध्येच गाडी परत केली तर भरलेल्यातून मला काय मिळेल?
५) विमा कोणाच्या नावाने, आणि पोराचे लायसन त्या गाडीला चालते का?
६) व्याज फ्लॅट की घटते? वार्षिक टक्केवारीचा आकडा लिहून द्याल का?
७) हंगाम सत्तर दिवसांचा झाला तर हप्ता कुठून भरू?

पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळत नसेल तर तिथून उठावे. चहा प्यायला म्हणून सही करावी लागत नाही.

घरी सोडवायचा हिशेब

आपल्या गावापासून कारखान्याचे अंतर, गेल्या तीन हंगामांचे दिवस आणि आपल्या गटात प्रत्यक्ष झालेल्या खेपा शेतकी खात्यातून किंवा चिटबॉयकडून घ्या. तिन्हींपैकी सर्वांत वाईट हंगामाचे आकडे वरच्या पहिल्या हिशेबात घाला. जे उरेल त्याला बाराने भागा. तेवढाच महिन्याचा हप्ता कारखान्याचे काम सोसू शकते. त्यापेक्षा जास्त हप्ता असेल, तर बाकीचे पैसे कोणत्या कामातून येणार ते त्याच कागदाच्या मागे पोराकडून लिहून घ्या. त्याला ते लिहिता आले तर गाडी घ्या आणि पहिल्या खेपेला नारळ फोडा. लिहिता आले नाही तर अजून एक हंगाम थांबा.